भटजींच्या नाकातल्या आठ मात्रा

निवृत्त झालो त्याच वर्षी मी एका मुलीला मराठीचं पुस्तक वाचून दाखवायचं काम अंगावर घेतलं. मुलगी म्हणतोय खरा, पण ती अडतीस वर्षांची होती. तारनाक्याच्या एका रेल्वे कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दृष्टी नाही. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. करत होती आणि दुसरी भाषा म्हणून तिने मराठी घेतली होती. तिच्या फोनमधला वाचणारा आवाज इंग्रजी फाडफाड वाचायचा. या मराठी पुस्तकाच्या पानांचे फोटो दिले की मात्र असं काही बरळायचा की ती कपाळाला हात लावायची. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी लिहिलं, ‘मराठी स्वच्छ वाचणारी व्यक्ती हवी.’ मी त्याच मिनिटाला होकार कळवला.

स्वच्छ वाचण्याचा मला अभिमानच होता. कोर्टात अनुवादक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. जुने उर्दू कागद, तेलुगू अर्ज, सीमेकडच्या गावांतली मराठी खरेदीखतं, सगळं इंग्रजीत करायचं आणि गरज पडली की उभं राहून वाचायचं. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही, आवाज वर-खाली करायचा नाही. आवाजात जरा जरी कल दिसला तरी समोरचा वकील उठून उभा राहणार. आमच्या घरात आजोबा वकील, वडील वकील. वाचन म्हणजे असंच असतं, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या रविवारी ती रिक्षाने आमच्या घरी आली. मी जिन्यापाशी घ्यायला गेलो तर म्हणाली, “काका, हात नका धरू, मीच तुमचा दंड धरते. असं सोपं पडतं.” जिना चढताना तिने पायऱ्या मोजल्या आणि वर आल्यावर सांगितलं की अकरावी पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे. वीस वर्षं त्या घरात राहून मला ते माहीत नव्हतं. मी तिला अहो-जाहो करत होतो, तर म्हणाली, “ऑफिसात दिवसभर सगळ्यांना सर-मॅडम करते. इथं तरी तू म्हणा.” ती मूळची बीदरकडची. शेती करणारं घर, पुढे भावाच्या नोकरीपायी सगळे शहरात आले. तिच्या बोलण्यात ‘हौ’ आणि ‘कायकू’ आणि ‘लई’ एकाच वाक्यात सुखाने नांदायचे.

दोन निबंध आणि एक कथा तशी बरी पार पडली. मी वाचायचो, ती फोनवर ध्वनिमुद्रण करायची आणि घरी जाऊन पुन्हा ऐकायची. “तुम्हाला मी दीडपट वेगानं ऐकते काका,” एकदा तिने सांगितलं, “नाहीतर झोप येते.” मी ते हसण्यावारी नेलं. मग कवितेची पाळी आली.

कविता कथात्मक होती, विनोदी होती, असं वरच लिहिलेलं. गावातलं लग्न, मुहूर्त जवळ आलेला, आणि मंगलाष्टकं म्हणणारे भटजी. मी चष्मा पुसला आणि नेहमीसारखं वाचलं:

आधी भटजी बसले पाटी,
मग पोटाची झाली दाटी

असं करत करत चौदा कडवी. संपवलं, पुस्तक मिटलं. ती ताठ बसली होती. कोर्टात निकाल वाचून झाल्यावर पक्षकार बसतात तशी.

“झाली?” तिने विचारलं.

“झाली.”

“ही विनोदी होय?”

“असं वर लिहिलंय.”

“मग ह्यात हसायचं कुठं, ते सांगा ना काका.”

मी गाइड उघडलं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न दिला होता: ‘कवितेतील विनोदाची स्थळे सांगून कवीने वापरलेले अलंकार स्पष्ट करा.’ खाली उत्तर: ‘सदर कवितेत कवीने विनोदाची मनोहर पखरण केली असून वाचक हसून लोटपोट होतो.’ पुढे अलंकारांची नावं, एकाखाली एक. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे माझ्याऐवजी वाचक हसला. मी काय लिहू?”

आतून माझी बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, “अहो, तुम्ही ती कविता समन्स वाचल्यासारखी वाचलीत. भटजींना कोर्टात हजर राहायला सांगताय असं वाटलं मला.”

यावर मात्र ती मुलगी खळखळून हसली. मला राग आला, खोटं कशाला बोलू? कवितेला जे जमलं नव्हतं ते माझ्या वाचण्याने केलं होतं.

त्यानंतर दोन दिवस मी ती कविता एकटाच घेऊन बसलो. हसू काही येईना. बुधवारी ती ऑफिस सुटल्यावर आली, दार लावायच्या आतच म्हणाली, “काका, त्या कवितेत एक गडबड आहे. मी टेबलावर ठेका धरून बघितला. प्रत्येक ओळीत आठ नि आठ मात्रा आहेत, ढोलकी वाजवावी अशा. पण मधली एक ओळ तुम्ही वाचता तेव्हा ठेका मोडतो. तुम्ही काहीतरी गाळताय.”

“मी? मी एक अक्षर गाळत नाही.”

“अक्षर नाही म्हणत मी. तिथं काय छापलंय ते सांगा. सगळं सांगा.”

मी पान काढलं. भटजींनी तपकीर ओढली आहे, ती नाकात वर चढली आहे आणि मंगलाष्टकाचं शेवटचं पालुपद म्हणताना त्यांना शिंक येऊ घातली आहे, ती जागा.

“‘शुभमंगल सा’, वऱ्हाड थांबे,” मी वाचलं. “‘शुभमंगल सा’, श्वासहि लांबे. ‘शुभमंगल सा’.”

“सा-च्या पुढं काय आहे?”

“काही नाही. ठिपके आहेत.”

“किती?”

कुणी मला असा प्रश्न आयुष्यात विचारला नव्हता. मी बोट ठेवून मोजले. “पहिल्या ओळीत तीन. दुसऱ्या ओळीत... पाच.” माझा आवाज मलाच वेगळा वाटायला लागला. “तिसऱ्या ओळीत नऊ आहेत. आणि तिसऱ्या ओळीत ठिपक्यांनंतर दुसरं काहीच नाही. ओळ तिथंच संपते.”

ती खुर्चीच्या टोकावर आली. “थांबा, थांबा. ‘शुभमंगल सा’ ह्याच्या आठ मात्रा झाल्या. शु, भ, मं-चे दोन, ग, ल, सा-चे दोन. आठ! मग उरलेल्या आठ कुठं गेल्या?”

“ठिपक्यांत?”

“भटजीच्या नाकात!” ती ओरडलीच. “काका, त्या आठ मात्रा त्यांच्या नाकात अडकल्यात! शिंक येतीय, येतीय, येत नाही. अख्खं वऱ्हाड हातात अक्षता घेऊन उभं आहे, आणि हा माणूस ‘सावधान’मधल्या सा-वर तोंड उघडं ठेवून थांबलाय. आणि तुम्ही त्यांना थांबूच दिलं नाही!”

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. मी उभा राहिलो. का उभा राहिलो कोण जाणे, कदाचित सवयीने. पुस्तक समोर धरलं आणि पहिल्यांदा ठिपके वाचले. पहिल्या ‘सा’वर थोडं थांबलो. दुसऱ्या ‘सा’वर श्वास वर ओढला, भुवया चढल्या. तिसऱ्या ‘सा’वर तोंड उघडं ठेवून थांबलो आणि ती मुलगी बोटाने टेबलावर मात्रा मोजत होती, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. बायकोने पदर तोंडाला लावला होता. मग मी पुढची ओळ अशी फेकली की शेजाऱ्यांच्या गॅलरीतलं कबूतर उडालं:

भटजी शिंके, तुटले शिंके,
दही सांडले, भिजले डंके!

तिघंही हसलो. मी इतका हसलो की मला बसावं लागलं. इतके दिवस जी ओळ मी सरळ वाचून पुढे जात होतो, त्याच ओळीला मी हसत होतो, आणि ती ओळ जशी होती तशीच होती.

हसणं ओसरल्यावर मी कबुली दिली. “पण एक सांगू? इथं ‘शिंके’ दोनदा का आलंय ते मला कळत नाही. मला वाटत होतं छापताना चूक झाली.”

“चूक?” ती म्हणाली. “अहो काका, पहिलं शिंके म्हणजे भटजी शिंकतो. दुसरं शिंकं! घरात वर टांगलेलं असतं ना, दोरीचं, दूध-दह्याची मडकी ठेवायला?”

मी शहरात वाढलेला. फ्रिजच्या आधीच्या काळातही आमच्याकडे जाळीचं कपाट होतं. शब्द माहीत होता, वस्तू कधी पाहिली नव्हती.

“मी पण नाही पाहिलं,” ती म्हणाली, “पण माझं डोकं आपटायचं त्याला. आमच्या गावच्या घरी माजघरात होतं. मी उंच व्हायला लागले तसं रोज आपटायचं. एकदा मडकं माझ्या अंगावर आलं, आई म्हणाली, तू वाढू नको तरी किंवा बघून तरी चाल. मग आम्ही दोघी किती वेळ हसत बसलो होतो.”

आता प्रश्न आला की हा अलंकार कुठला. मी म्हणालो श्लेष, कारण एका शब्दाचे दोन अर्थ. ती म्हणाली शब्द तर दोनदा आलाय, मग श्लेष कसा? गाइडमध्ये नुसतीच नावं होती, उदाहरण नव्हतं. वाद काही मिटेना. शेवटी ठरलं की शनिवारी अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयात जायचं आणि अलंकारांवरचं एखादं खरं पुस्तक बघायचं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं तिथल्या मराठी कपाटांपुढे उभे होतो. मी पुस्तकांच्या पाठीवरची नावं हळू आवाजात वाचायचो, ती ‘हे नको, हे नको’ म्हणायची. एक जाड जुनं पुस्तक सापडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: एकच शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देत असेल तर श्लेष, तीच अक्षरं पुन्हा येऊन वेगळा अर्थ देत असतील तर यमक. यमक म्हणजे ओळीच्या शेवटी जुळणारे शब्द एवढंच मी शाळेपासून समजत आलो होतो. ती जिंकली. ग्रंथालयात बोलायचं नसतं म्हणून तिने फक्त दोन्ही मुठी वर केल्या. समोर पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं, मी त्यांना मान झुकवून नमस्कार केला.

मग तिथेच बसून आम्ही सगळी कविता उसवली. पुढच्या दोन ओळी अशा:

मंडप लचके, टोपी पिचके,
धोतर दचके, सनई उचके

मी तिच्या कानाशी कुजबुजत वाचल्या. तिने लगेच सांगितलं की ‘चके, चके’ हा आवाज शिंकेचाच आहे. शिंक एकदाच आली, पण ती मांडवभर आदळत फिरतेय. हा अनुप्रास. धोतर दचकतं, सनईला उचकी लागते, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारख्या वागतात. ही चेतनगुणोक्ती. एका शिंकेने मांडव लचकला, ही अतिशयोक्ती. “आणि सुरुवातीला बघा,” ती म्हणाली, “आधी भटजी बसले, मग त्यांचं पोट बसलं. जसा काही दुसराच पाहुणा आलाय.” हे मला गेल्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावून वहीत उतरवलं असतं. त्या दिवशी मला ते पोट दिसलं. पाटावर जागा मागणारं, जरा संकोचलेलं.

परतीच्या रिक्षात आमचं तेच चाललं होतं. मी म्हणायचो, ती ठेका धरायची. रिक्षावाला पन्नाशीचा, दाढीत मेंदी, आरशातून आमच्याकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारलंच, “क्या चल रा साब? शादी का मामला है क्या?”

तिने त्याला दखनीत सांगायला सुरुवात केली. “हौ भाई, शादी का इच है. पंडत मंत्र पढ रा. नाक में नास चढ गई. पूरी बारात हाथ में चावल लेके ठैरी. पंडत बोलता, शुभमंगल सा...” आणि ती थांबली. सिग्नल लाल होता. रिक्षावाल्याने मान मागे वळवली. ती पुन्हा म्हणाली, “शुभमंगल सा.....” त्याच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्यांदा तिने जी ओढली, ती ओढलीच. सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले, बस, दुचाक्या, सगळे. मी म्हटलं, “भाई, चलो, सिग्नल हो गया.”

“ठैरो साब,” तो म्हणाला. “पैले छींक निकालो अम्मा, फिर जाते.”

तिने शिंक काढली. त्याने हँडलवर थाप मारली, “नै जी! नै!” म्हणत हसत हसत रिक्षा पुढे काढली. तारनाक्यापर्यंत तो मधूनमधून स्वतःशीच ‘सा...’ म्हणून बघत होता. त्याला यातलं एकही मराठी वाक्य कळलं नसतं. पण थांबण्याची गंमत त्याला मराठीशिवायच पोचली होती. मला वाटलं, गाइडच्या त्या ‘मनोहर पखरण’वाल्याला या रिक्षात बसवायला हवं होतं.

कवितेचा शेवट बायकोने हातात घेतला. शेवट असा आहे की शिंकेलाच लोक मुहूर्त समजतात, अक्षता उडतात, ताशे वाजतात, लग्न लागून जातं. ‘सावधान’ हा शब्द काही पुरा होत नाही. आणि मग:

नवरा सांगे अजून सर्वां,
“सावध मजला केले केव्हा?”

मी वाचलं, दोघी हसल्या. मी जरा जास्तच हसलो. बायकोने माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला फार पटलेलं दिसतंय.”

“अगं, विनोद आहे. अपेक्षाभंग. सगळी कविता शिंकेची, आणि शेवटी कळतं की खरी गोष्ट त्या बिचाऱ्याच्या संसाराची.”

“आणि तिला? तिला कुणी सावध केलं? आंतरपाट दोघांच्या मध्ये असतो. शिंक दोघांनी ऐकली. तक्रार एकट्याची कशी?”

मुलीने टाळी वाजवली. “काकू, हे लिहायला पाहिजे! हे कुठल्याच गाइडात नाही!”

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा नवीनच पेच निघाला. तिला लेखनिक हवा होता, तिने सांगायचं आणि त्याने लिहायचं. इंग्रजी, इतिहास या पेपरांना तिच्या ऑफिसातून कुणी ना कुणी मिळत होतं. मराठीला मिळेना. मराठी बोलणारे भरपूर होते, पण लिहायचं म्हटलं की ‘मात्रा-बित्रा चुकतात हो आमच्या’ म्हणून मागे सरायचे. मी एका पायावर तयार होतो, पण नियम असा की लेखनिकाचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी हवं. माझी पदवी आडवी आली.

“मी बारावी आहे,” बायको म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी बारावी झालेली, त्यानंतर वाणसामानाची यादी आणि बहिणींना पत्रं एवढंच लिहिलेली माझी बायको कानापर्यंत लाल झाली होती. पण मागे हटली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःच दोनशे पानी वही घेऊन आली. रोज दुपारी ती मुलगी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून फोन करायची आणि बायको फोन स्पीकरवर ठेवून लिहायची. बोटं दुखायची, मग ती गरम पाण्यात बुडवून बसायची. मी शुद्धलेखन तपासायला गेलो की मला हाकलायची. “तीन ठिपके देऊ का गं?” “हौ काकू, आणि पुढच्याला पाच.” हे मी बाहेरच्या खोलीतून ऐकायचो, माझीच परीक्षा असल्यासारखं.

केंद्र नामपल्लीच्या बाजूला एका कॉलेजात होतं. सकाळी दोघी आत गेल्या, माझ्या बायकोचा दंड धरून ती. मी फाटकासमोरच्या इराणी हॉटेलात बसलो. तीन कप चहा झाला. पेपर सुटायची वेळ झाली, बाकीची मुलं बाहेर पडली, यांना वेळ जास्त होता. मी उठून फाटकाशी येरझाऱ्या घालायला लागलो. शेवटी दोघी दिसल्या. बायको इतकी भरभर चालत होती की तिच्या मागे त्या मुलीला जवळजवळ धावावं लागत होतं, आणि दोघींचे चेहरे असे होते की काहीतरी घडलंय हे लांबूनच कळलं.

“अहो, आम्हाला धरलं!” बायको म्हणाली.

“धरलं? म्हणजे?”

मग रस्त्यातच उभ्या राहून, एकमेकींना अडवत, दोघींनी सांगितलं ते असं. त्यांना वेगळी खोली दिली होती आणि लक्ष ठेवायला एक तेलुगू प्राध्यापिका बसल्या होत्या. मराठीचा गंध नसलेल्या. प्रश्न आला, अगदी तोच, विनोदाची स्थळं आणि अलंकार. मुलगी उत्तर सांगायला लागली आणि ओळी आठवताना तिने त्या म्हटल्याच, ‘सा’वर थांबून, जशा म्हणायच्या तशा. बायकोने पहिल्या दोन ओळी लिहिल्या, तिसरीला तिचा हात थांबला. खांदे हलायला लागले. मग तिला हसू आवरेना. ते ऐकून मुलीलाही आवरेना.

“एमैंदी?” काय झालं, म्हणत प्राध्यापिका उठून आल्या. परीक्षेत दोन बायका हसताहेत, यात काहीतरी काळंबेरं असणार, असा त्यांना संशय. चिठ्ठी आहे का बघितलं, पेपर उलटासुलटा केला. मग तेलुगूत म्हणाल्या, कशाला हसलात ते मला सांगा, नाहीतर मला वर कळवावं लागेल.

“मी तर पेन खाली ठेवून दिलं,” बायको म्हणाली. “पण ही बया उभी राहिली. तेलुगूत सांगितलं की मॅडम, हा प्रश्नच हसण्याचा आहे. लग्नात भटजीला शिंक येतेय. आणि तिथंच त्यांना म्हणून दाखवलं, मराठीत.”

“मग?”

“तिसऱ्या सा-ला त्या पण थांबल्या काका!” ती मुलगी म्हणाली. “मला ऐकू येत होतं. त्यांचा श्वास थांबला होता. मी आठ मात्रा मोजल्या आणि शिंकले. त्यांना आधी काही कळेना, मग अशा हसल्या की त्यांच्या हातातला पेनच पडला. मग म्हणाल्या, ‘रायंडी, रायंडी,’ लिहा लिहा, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ तिथनं नाकातनं आवाज येत होता.”

मी तिथेच फुटपाथवर टाळ्या पिटल्या. वकिलांच्या घरात वाढलेला, जन्मभर सरळ आवाजात वाचलेला मी, भर दुपारी नामपल्लीच्या रस्त्यावर.

रिक्षा मिळेपर्यंत मी एकेक मुद्दा विचारत होतो. यमक लिहिलं का? श्लेष तर नाही ना लिहिलं? चेतनगुणोक्ती? मात्रांचा हिशेब? सगळं लिहिलं होतं. “आणि शेवटी मी एक वाक्य सांगितलं,” मुलगी म्हणाली. “ही गोष्ट नवऱ्याकडून सांगितलीय, म्हणून ती चौदा कडव्यांत संपली. नवरीला विचारलं असतं तर कवीला आणखी कागद लागला असता.”

बायको रस्त्याकडे बघत होती, पण तिचे कान कुठे होते ते मला माहीत होतं. “मी सांगितलं नाही हं तिला,” ती म्हणाली. “तिनंच सांगितलं, मी फक्त लिहिलं. लेखनिकानं आपलं काही घालायचं नसतं.”

निकाल दीड महिन्याने लागला. सकाळी दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला आणि पलीकडून अगदी ऑफिसचा, गुळगुळीत, सराईत आवाज आला, “नमस्कार सर, आपल्यासाठी एक महत्त्वाचा कॉल आहे, कृपया लाइनवर राहा.” मग तीच, धापा टाकत, “काका, पास! मराठीत एकसष्ट! सगळ्या विषयांत जास्ती मराठीलाच! काकूंना द्या फोन, लवकर, माझ्या बोर्डावर तीन कॉल थांबलेत!”

बायको आंघोळीला गेली होती. मी दार ठोठावून आत ओरडून सांगितलं. आतून पाण्याचा आवाज बंद झाला. “किती?” “एकसष्ट!” “शंभरातले ना?” “शंभरातलेच!” पुन्हा पाणी सुरू झालं, आणि त्या आवाजाबरोबर बायकोचं गाणं. तिला गाता येत नाही. पण त्या सकाळी तिने तीन गाणी म्हटली, आणि मी दाराबाहेर फोन हातात धरून उभा राहिलो, कारण पलीकडची मुलगी म्हणत होती, “ठेवू नका काका, ऐकू द्या, कॉल थांबतील थोडे.”